लोणारची गाडी लागली!

एसटीचा खेळ मेहकरच्या मुलांना कुणी शिकवावा लागत नाही. अंगणवाडीत सतरंजीवर चार-सहा पाट नाहीतर पालथ्या बादल्या ओळीनं मांडा आणि बाजूला व्हा. थोड्याच वेळात तिथं बस उभी असते. एक जण पुढं बसून ताटली फिरवतो, एक जण गळ्यात जुनी पर्स अडकवून ‘चला लोणार, लोणार, लोणार’ असा पुकारा करतो आणि मागच्या सगळ्यांना खिडकीच हवी असते. कुणी बाहुलीला कडेवर घेऊन चढतं, तर कुणाला सुलतानपूरच्या आतच उलटी होते, तीही आवाजासकट. हा खेळ आपण रोज बघतो आणि सोडून देतो. सेविकाताई तेवढ्यात आहाराची नोंद पुरी करून घेतात, कॉन्व्हेंटच्या बाई वह्या तपासून घेतात. मग टाळी वाजते. झालं खेळून, आता अभ्यासाला बसा.

माझं म्हणणं असं, की अभ्यास चाललेलाच होता आणि टाळीनं तो मोडला. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला बोलायला, मोजायला, थांबायला आणि दुसऱ्याचं ऐकून घ्यायला शिकवणारी एवढी स्वस्त आणि एवढी आवडती सोय आपल्याकडं दुसरी नाही. मात्र ‘खेळू द्या पोरांना’ एवढ्यानं भागत नाही. या खेळाला सामान लागतं, वेळ लागतो आणि त्यात कधी शिरायचं, कधी बाहेर पडायचं हे कळणारं मोठं माणूस लागतं. मेहकर आणि आसपासच्या गावांतल्या अंगणवाडीताई, बालवाडीच्या बाई आणि घरातली मोठी माणसं डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितो आहे.

कंडक्टर उभा का राहतो

कंडक्टर झालेल्या मुलाकडं नीट पाहा. त्याला बसायचं असतं, पण कंडक्टर उभा असतो म्हणून ते उभं राहतं. घंटेची दोरी सारखी ओढावीशी वाटते, पण एक टोला म्हणजे थांबा आणि दोन टोले म्हणजे चला, हे ठरलेलं असतं. उगाच ओढली तर ड्रायव्हर चिडतो. वर्गात दोन मिनिटं एका जागी न टिकणारं पोरगं इथं कितीतरी वेळ स्वतःला आवरून असतं आणि त्याला कुणी दटावलेलं नसतं. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की यांनी १९३३ मधल्या एका व्याख्यानात हेच मांडलं होतं. कल्पनेच्या खेळात नियम नसतात असं आपल्याला वाटतं, पण भूमिका घेतली की तिचे नियम आलेच, आणि मूल ते आपखुशीनं पाळतं. काठीच्या घोड्याचा दाखलाही त्यांनी दिला आहे. काठी घोड्यासारखी दिसत नाही, तरी मुलाच्या लेखी ती घोडा असते. पुढं पाटीवरची वळणं आवाजासारखी दिसत नसतानाही मुलानं त्यांना आवाज मानायचं असतं. एका वस्तूला दुसरीच्या जागी मानण्याचा हा सराव पाटी हातात येण्याआधी खेळात होतो.

आता तिकिटं फाडताना काय बोलणं चालतं तेही ऐकावं. ते साधारण असं असतं:

‘बाई, तुमचं हाफ.’

‘आन् हिचं?’

‘ते लेकरू हाय. त्याले तिकीट नाही.’

‘माह्या आजीचं?’

‘आजी फुकट.’

मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे आणि पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट पडत नाही. ही सगळी माहिती चार वर्षांच्या मुलानं आईच्या मांडीवर बसून टिपलेली असते. खेळात ते समोरच्या माणसाचा गट ओळखतं, त्या गटाचा नियम लावतं आणि न पटणाऱ्याला तो समजावून सांगतं. एक ते शंभर पाठ म्हणणाऱ्या मुलाला हे जमेलच असं नाही.

या खेळाच्या नावानं वाट्टेल ते दावेही केले जातात, म्हणून एक गोष्ट सांगून ठेवतो. अँजेलिन लिलार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये तोवरच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला. कल्पनेच्या खेळामुळंच बुद्धी किंवा सर्जनशीलता वाढते या दाव्याला त्यांना भक्कम पुरावा मिळाला नाही. तेव्हा ‘आमचा खेळसंच घ्या, मूल हुशार होईल’ असं सांगत कुणी दारात आलं तर पैसे खर्च करू नका. मूल खेळताना किती बोलतं, कुणाकुणाशी बोलतं आणि मोठी माणसं त्या बोलण्यात काय भर घालतात, यावर माझा भर आहे. त्याला संच लागत नाही.

हे काही नवं फॅड नाही. गिजुभाई बधेकांनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० मध्ये बालमंदिर काढलं तेव्हा मारिया मॉन्टेसोरींची पद्धत त्यांनी मनापासून स्वीकारली, पण एका बाबतीत ते वेगळे गेले. मॉन्टेसोरीबाईंना लहान मुलांसाठी परीकथा पसंत नव्हत्या. गिजुभाईंनी गोष्टींना आणि नाटुकल्यांना बालमंदिरात मानाची जागा दिली. ताराबाई मोडक तिथं त्यांच्याबरोबर काम करून महाराष्ट्रात आल्या. १९४५ मध्ये बोर्डीला त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. वस्तीतली मुलं केंद्रात येत नाहीत असं दिसल्यावर या दोघींनी केंद्रच वस्तीच्या अंगणात नेलं, आणि विकतच्या साधनांऐवजी पानं, बिया, शिंपले, दगड हाताशी घेतले. सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली; अंगणातली ही शाळा तिच्या तीस वर्षं आधीची. पुढं महाराष्ट्रातल्या अंगणवाड्यांसाठी ‘आकार’ हा अभ्यासक्रम आला, आणि २०२२ मध्ये आलेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय आराखड्यानंही तीन ते आठ वर्षांच्या मुलांचं शिक्षण खेळावर उभं केलं आहे. त्यामुळं पर्यवेक्षिकेनं किंवा पालकांनी विचारलं, तर ‘खेळत होते’ असं खालच्या आवाजात सांगण्याचं कारण नाही.

गाठोडी बांधा

एक खोली, त्यातच धान्याच्या कोठ्या, वजनकाटा, गॅस आणि पंचवीस मुलं, अशी बहुतेक ठिकाणची स्थिती असते. तिथं कायमचा बाहुलीघर कोपरा कुठून आणणार? म्हणून गाठोड्यांची पद्धत बरी. जुन्या लुगड्याच्या किंवा चादरीच्या फडक्यात एकेका खेळाचं सामान बांधून खुंटीला टांगून ठेवायचं. खेळाच्या वेळी गाठोडं सोडायचं, तेच फडकं खाली अंथरायचं. फडक्याच्या आत दवाखाना, बाहेर रस्ता. आवरायच्या वेळी मुलंच चार टोकं उचलतात.

एसटीच्या गाठोड्यात जुनी पर्स, कागदाच्या पट्ट्या, दोरीला बांधलेली छोटी घंटी, एक ताटली आणि पुठ्ठ्याच्या पाट्या ठेवा. पाट्यांवर मोठ्या ठळक अक्षरांत लोणार, चिखली, खामगाव, जानेफळ, डोणगाव असं लिहा. गाडी कुठली हे पाटी बदलल्याशिवाय ठरत नाही, म्हणून मुलं पाटी निरखून बघायला लागतात. ‘जानेफळ’ आणि ‘चिखली’ यांतला फरक मूल आधी चित्रासारखा ओळखतं, आणि एक दिवस ‘जा’ कुठं आहे ते बोटानं दाखवतं. त्या पाटीवर बोट ठेवून वाचायला लावू नका. ‘चिखलीची गाडी गेली का हो?’ असं विचारा.

दुसरं गाठोडं बाजार समितीचं. सोयाबीनच्या दिवसांत, सप्टेंबर-ऑक्टोबरला, घरोघरी दुसरं बोलणंच नसतं, तेव्हा हेच गाठोडं काढावं. कापडाच्या छोट्या पिशव्या वाळू भरून शिवून घेतल्या की कट्टे झाले. काठीला दोन खोके बांधून तराजू करा. आहाराचा सरकारी वजनकाटा खेळाला देऊ नका. हर्रास करणारा अडत्या, मापारी, हमाल, चिठ्ठी लिहिणारा मुनीम आणि ट्रॅक्टर घेऊन आलेला शेतकरी, अशी पाच-सहा कामं आपोआप निघतात. मुनिमाला कागद-पेन्सिल द्या. तो रेघोट्या मारेल आणि त्या वाचूनही दाखवेल. अक्षर येण्याच्या आधीची ही पायरी आहे, ती पुसू नका. एखाद्या आजोबांना बोलावून जुन्या पद्धतीनं धान्य मोजून दाखवायला सांगा, पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणत. मुलं ते एकदा ऐकतात आणि महिनाभर सोडत नाहीत.

तिसरं महाप्रसादाचं. हिवरा आश्रमला विवेकानंद जयंतीच्या महोत्सवात ट्रॅक्टरनं पुरी-वांग्याच्या भाजीचा महाप्रसाद वाढतात, ते दृश्य आपल्याकडच्या कितीतरी मुलांनी पाहिलेलं असतं. खोक्याला दोरी बांधली की ट्रॅक्टर होतो, पळसाची किंवा वडाची पानं पत्रावळी होतात. प्रत्येकाला एक पान, प्रत्येक पानावर दोन पुऱ्या, आणि कुणी उपाशी राहिलं नाही ना हे बघायचं. एकास एक जोडी लावायला याहून चांगला प्रसंग मला माहीत नाही. चौथं गाठोडं दवाखान्याचं आणि पाचवं घराचं, ते मी सांगायला नको. ठोकळे असतील तर तेही असू द्या. कंचनीच्या महालाच्या पडक्या भिंती पाहून आलेली मुलं महाल बांधायला घेतात आणि समृद्धी महामार्ग पाहिलेली टोलनाका.

विकतच्या खेळण्यांपेक्षा मोघम वस्तू चांगल्या. प्लास्टिकचा स्टेथोस्कोप स्टेथोस्कोपच राहतो. सुताची दोरी सकाळी स्टेथोस्कोप असते, दुपारी बैलाची वेसण आणि संध्याकाळी वायर. मात्र वस्तू गोळा करताना काही बाबतींत अजिबात सूट देऊ नका. फवारणीच्या औषधाचे डबे, बाटल्या, झाकणं कितीही धुतली तरी खेळात येता कामा नयेत. आपल्या भागात घरामागं ती पडलेली असतात आणि मुलांना ती बाजारातल्या बरण्यांसारखी दिसतात. खऱ्या सुया, सिरिंज, औषधाच्या बाटल्या, गोळ्यांची पाकिटं नकोत. जुना मोबाइल किंवा रिमोट द्यायचा असेल तर सेल काढून द्या; बटणासारखे चपटे सेल गिळले तर जिवावर बेततं. तीन वर्षांच्या आतली भावंडं अंगणवाडीत येऊन बसतात, म्हणून मणी, चिंचोके, शेंगदाणे, हरभरे त्यांच्या हाताला लागतील असे ठेवू नका. ते नाकात जातात, श्वासनलिकेतही जातात.

पाऊण तास

वेळेबद्दल मी आग्रही आहे. रोज एकसलग पाऊण तास द्या. सुरुवातीचा बराच वेळ ‘तू कोण, मी कोण’ यातच जातो आणि तो वाया गेला असं आपल्याला वाटतं. पण ते ठरवणं हाच खेळातला सगळ्यात अवघड भाग असतो. दोन मुलांच्या मनांत दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि बोलून त्यांची एक करायची असते. नुकतं कुठं ठरलं आणि गाडी सुटणार, तेवढ्यात वेळ संपला, तर मुलं दुसऱ्या दिवशी ठरवायच्या भानगडीतच पडत नाहीत, धावाधाव करतात. मग आपण म्हणतो, यांना खेळायला दिलं की नुसता गोंधळ घालतात.

वयाप्रमाणं अपेक्षा ठेवा. दीड-दोन वर्षांचं मूल रिकाम्या कपातून चहा पितं. तीन वर्षांचं बाहुलीला थोपटतं, पण बहुधा एकट्यानं. चार वर्षांच्या मुलाला जोडीदार लागतो, आणि पाच-सहा वर्षांची मुलं कालची गोष्ट आज पुढं नेतात. लहान मुलं मोठ्यांच्या खेळात घुसून मोडतोड करतात अशी तक्रार असते; त्यांना प्रवासी करा, पेशंट करा, बैल करा.

ताईंनी काय करायचं

आधी काहीच न करता पाहायचं. कोण कोण झालं आहे, गोष्ट कुठं चालली आहे, ते कळल्याशिवाय बोलायला जाऊ नये. मग खेळातलंच कुणीतरी होऊन आत शिरायचं, आणि तेही दुय्यम माणूस होऊन. ताई ड्रायव्हर झाल्या की खेळ ताईंचा झाला. ताई प्रवासी झाल्या तर मुलांनाच त्यांचं काम बघावं लागतं.

‘अहो कंडक्टर, मला सुलतानपूरला उतरायचंय, पण सुटे नाहीत हो माझ्याकडं.’ एवढं एक वाक्य पुरतं. आता सुट्या पैशांचं काय करायचं? कुणी म्हणेल खाली उतरा, कुणी म्हणेल मी देतो, कुणी दुकान काढेल. खेळ रेंगाळला तर आणखी एक अडचण टाका: ‘माझ्या लेकराला ताप आलाय, ही गाडी दवाखान्यावरून जाते का?’ दोन गाठोड्यांचा एक खेळ होतो. नवा शब्द द्यायचा असेल तर तोही असाच बोलता बोलता द्या. तिकीट, आरक्षण, आगार, नाडी, मलम, तोलाई हे शब्द मुलं लगेच उचलतात, कारण त्या क्षणी त्यांना त्यांची गरज असते. मग ‘आलं बाई माझं गाव’ म्हणून उतरून जा. उतरणं चढण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

काय करू नये ते एका उदाहरणावरून कळेल. गाडी भरधाव चालली आहे आणि ताई विचारतात, ‘सांगा बरं, बसला चाकं किती? बसचा रंग कोणता?’ मुलं उत्तर देतात, हात बांधून बसतात, आणि गाडी संपते. चाकं मोजायची असतील तर पंक्चर होऊ द्या.

बोलीला हात लावू नका. ‘मले दे’ म्हणणाऱ्या मुलाला खेळाच्या मध्यात ‘मले नाही, मला म्हण’ असं सांगितलं की ते गप्प होतं, आणि गप्प झालेलं मूल कुठलीच भाषा शिकत नाही. तुम्ही तुमच्या भाषेत उत्तर द्या. ते दोन्ही ऐकतं, दोन्ही शिकतं. तांड्यावरचं मूल घरी गोरमाटी बोलत असेल, एखाद्याच्या घरी उर्दू असेल. अशा मुलांना खेळात वस्तू हातात असल्यामुळं शब्द सापडत जातात. काही मुलं महिनाभर बोलतच नाहीत. त्यांना न बोलता निभेल असं पण मानाचं काम द्या: पाटी धरणं, घंटी वाजवणं, फाटक उघडणं. बोलायला लागतील तेव्हा लागतील.

भांडणं आणि अवघड खेळ

दोघांना कंडक्टर व्हायचंय? मेहकर आगारात गाडी काही एकच नाही. दुसरी गाडी लावा. बहुतेक भांडणं अशी खेळाच्या आतूनच सुटतात.

‘तू आमच्यात नको’ हे मात्र सोडून देऊ नका. कोण कुणाच्या हातचं ‘खाणार’ नाही, कुणाला नेहमी हमालच व्हावं लागतं, मुलींनी स्वयंपाकच करायचा आणि मुलांनी ट्रॅक्टरवरच बसायचं, हे सगळं घरातून आणि गल्लीतून खेळात येतं. शिकागो विद्यापीठाच्या प्रयोगशाळा शाळेत शिकवणाऱ्या व्हिव्हियन पेली यांनी वर्गात एकच नियम केला होता: ‘तू खेळायचं नाहीस’ असं कुणीही कुणाला म्हणायचं नाही. हा नियम तुमच्या भिंतीवर लावा आणि खरोखर पाळा. काम कोणतं मिळेल यावर वाद घाला, पण आत घ्यायचं की नाही यावर नाही. मुलींच्या हातात ट्रॅक्टरचं स्टिअरिंग द्यायला वेगळं भाषण लागत नाही. ताईंनी ‘ड्रायव्हरताई, जरा हळू’ म्हणून हाक मारली की पुरे.

कधी खेळ अंगावर येतो. कुणी दारू पिऊन घरी आलेला बाप होतं आणि बाहुलीला मारतं. कुणी बाहुली पांढऱ्या फडक्यात गुंडाळून खांद्यावर नेतं. पटकन ‘शी, असं खेळू नये’ असं तोंडातून जातं. तसं म्हणू नका. ज्याच्यापुढं आपलं काही चालत नाही ते मूल खेळात पुन्हा घडवून बघतं. ती त्याची समजून घ्यायची रीत आहे. जवळ बसा, बाहुलीची काळजी घेणारं कुणीतरी व्हा: ‘हिला लागलं का? मी हळद लावते.’ खऱ्या मुलाला मार लागणार असेल तर मात्र लगेच थांबवा. तोच खेळ जसाच्या तसा दिवसामागून दिवस चालला, मूल जेवेनासं झालं, बुजायला लागलं, अंगावर वळ दिसले, तर घरच्या विश्वासू माणसाशी बोला. धोका घरातच आहे अशी शंका असेल तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. हे वर्गात चारचौघांत बोलायचं नाही.

आणखी एक लक्षण ताईंच्याच नजरेत येऊ शकतं. दोन वर्षांच्या पुढं गेलेलं मूल कधीच खोटं खोटं काही करत नसेल, हाकेला बघत नसेल, बोट दाखवून काही मागत नसेल, फक्त चाक फिरवत बसत असेल, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत तपासणीला येतं तेव्हा त्यांना आवर्जून सांगा. पथक येईपर्यंत थांबवत नसेल तर पालकांना सरळ बालरोगतज्ज्ञांकडे पाठवा. ‘मुलगे उशिराच बोलतात’ म्हणून वर्ष घालवू नका.

मुलानं सांगितलेली गोष्ट

पेलीबाईंची दुसरी पद्धत मला सगळ्यांत जास्त आवडते, कारण तिला एक वही आणि एक पेन यापलीकडं काही लागत नाही. रोज दोन किंवा तीन मुलांना जवळ बोलवायचं आणि गोष्ट सांगायला सांगायची. मूल बोलेल तसंच लिहायचं, एकही शब्द न सुधारता. समजा एखाद्यानं सांगितलं: ‘एक कुत्रं होतं. ते माह्या मामाच्या वावरात गेलं. तिथं रानडुक्कर आलं. कुत्रं भेलं. मंग मामा ट्रॅक्टर घेऊन आला.’ झाली गोष्ट. लिहिताना प्रत्येक शब्द मोठ्यानं म्हणा, म्हणजे आपला आवाज कागदावर उतरतो हे मुलाला दिसतं. मग वाचून दाखवा आणि विचारा, तू कोण होणार? कुत्रं, डुक्कर की मामा?

जेवणाआधी सगळ्यांना गोल बसवा. मधली जागा म्हणजे वावर. तुम्ही वही हातात घेऊन वाचत जा, एकेक मूल उठून आपलं काम करत जाईल. पोशाख नको, तालीम नको. दोन मिनिटांत प्रयोग संपतो आणि पुढची गोष्ट सुरू होते. ज्यांना भूमिका मिळाली नाही त्यांना उद्या. ओळीनं जायचं, म्हणजे हुशार मुलांचीच वर्णी लागत नाही. पंधरा दिवसांत मुलांच्या गोष्टी लांबतात. एकाच्या गोष्टीतलं रानडुक्कर दुसऱ्याच्या गोष्टीत शिरतं, आणि कुणीतरी तुमच्या वहीत आपलं पान शोधायला लागतं. वाचनाची सुरुवात मी त्या शोधण्यापासून धरतो.

मोठ्यांच्या गोष्टीही याच वर्तुळात रंगतात. लोणारच्या सरोवराची लवणासुराची कथा इथल्या प्रत्येक आजीला येते. दैत्य जमिनीखालच्या बिळात लपून बसतो आणि विष्णू पायाच्या अंगठ्यानं वरचं झाकण उडवतो. एक सतरंजी आणि एक अंगठा एवढ्यावर तो प्रयोग होतो. पाच वर्षांच्या मुलांना पुढं हेही सांगा की आभाळातून मोठा दगड पडून तो खड्डा झाला. मुलं त्या दोन्ही गोष्टी खेळतात, गोंधळत नाहीत.

भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईचे दिवस असतात, तेव्हा वेगळं काही शोधूच नका. भुलाबाई-भुलोजी मांडणं, फेर, गाण्यांतलं सासर-माहेर आणि शेवटी झाकलेली खिरापत ओळखणं हे सगळं आयतं आहे. खिरापत ओळखताना ‘गोड की तिखट? कोरडी की ओली? हातानं खायची की चमच्यानं?’ असे प्रश्न मुलांना विचारू द्या. मुलगेही फेरात घ्या.

पालकांना काय सांगाल

‘कॉन्व्हेंटातली पोरं एबीसीडी लिहितात, आमचं नुसतं खेळतं’ ही तक्रार येणारच, आणि ती काळजीतून आलेली असते. तिला वाद घालून उत्तर देऊ नका. पालकसभेत गाठोडं सोडा. आई-बाबांना प्रवासी करा, मुलांना गाडी चालवू द्या आणि अर्ध्या तासानं विचारा, तुमचं मूल आज किती वाक्यं बोललं? घरी इतकं बोलतं का? वही काढून त्याची गोष्ट वाचून दाखवा, महिन्यापूर्वीची आणि आजची. लिहिण्याची घाई झालेल्यांना हेही समजावून सांगा की तीन वर्षांच्या बोटांना पेन्सिलीआधी बळ लागतं, आणि ते कट्टे बांधताना, पुऱ्या लाटताना, गाठ सोडताना येतं.

घरी वेगळी शिकवणी नको. संध्याकाळी पंधरा मिनिटं, मोबाइल दुसऱ्या खोलीत. वावरात मूल सोबत असेल तर बांधावर चार बिया आणि एक करवंटी देऊन त्याला आपल्या कामाला जोडा. ते तुमच्याआधी पेरणी उरकेल. आणि त्यानं रिकामा कप आणून दिला तर हातातलं काम ठेवून तो चहा प्या. प्यायल्यावर साखर कमी पडली म्हणून सांगा, म्हणजे ते डबा शोधायला उठेल. डबा सापडला की किती चमचे टाकू म्हणून विचारेल.